टोटल लॉस ठरलेली गाडी: दुरुस्त करावी की सोडावी?

अपघातात चेपलेली किंवा पुरात बुडालेली मोटार गॅरेजपर्यंत आणण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च तिच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर भारतातल्या वाहन विम्यात ती गाडी टोटल लॉस धरली जाते. ही अट प्रमाण पॉलिसीच्या मजकुरातच असते. चोरीला जाऊन न सापडलेली किंवा जळून खाक झालेली गाडी याच नावाने ओळखली जात असली, तरी तिथे ठरवण्यासारखे काही उरत नाही. प्रश्न पडतो तो गाडी डोळ्यांसमोर उभी असते तेव्हा. चारही चाके जागेवर आहेत, मेकॅनिक ‘होऊन जाईल’ म्हणतो आहे आणि विमा कंपनी मात्र ती संपली असे सांगते आहे.

कंपनीचा हा निकाल पैशांच्या हिशेबाचा असतो. गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल की नाही, हे त्यातून कळत नाही. दहा वर्षांच्या गाडीचे बॉनेट, रेडिएटर, दिवे आणि दोन दरवाजे बदलावे लागले तरी ती टोटल लॉस ठरू शकते. तिचा सांगाडा धड असतो, फक्त विमा मूल्य तुटपुंजे असते. उलट दोन वर्षांच्या महागड्या गाडीच्या सांगाड्याचा पुढचा भाग वाकलेला असला, तरी खर्च ६५ टक्क्यांत बसला तर ती दुरुस्तीच्या यादीत जाते. दोन्हींपैकी धोक्याची गाडी दुसरी. म्हणून मालकाला दोन हिशेब वेगवेगळे करावे लागतात, एक रुपयांचा आणि एक पोलादाचा.

रुपयांच्या हिशेबाचा पाया म्हणजे विमा मूल्य, म्हणजेच आयडीव्ही. गाडीची उत्पादकाने जाहीर केलेली त्या वेळची विक्री किंमत घेऊन तिच्यातून वयानुसार घसारा वजा करतात. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. या किमतीत रस्ता कर, नोंदणी शुल्क किंवा विम्याचा हप्ता धरलेला नसतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर आहे, डिझेलला १३ टक्के. गाडी टोटल लॉस झाली की हा पैसा सामान्य पॉलिसीतून परत येत नाही आणि नवी गाडी घेताना तो पुन्हा भरावा लागतो. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जादा संरक्षण घेतलेले असेल, तर गाडी घेताना मोजलेल्या बिलाइतकी रक्कम मिळते आणि बहुतेक पॉलिसींत करही त्यात येतो. ते असल्यास निर्णय बराच सोपा होतो: गाडी सोडावी.

विमा मूल्य पॉलिसी सुरू होताना ठरते आणि टोटल लॉसच्या दाव्यापुरते ते वर्षभर तसेच राहते. अकराव्या महिन्यात अपघात झाला म्हणून कंपनीला त्यातून आणखी घसारा कापता येत नाही. बाजारात मात्र तोवर गाडीची किंमत आणखी उतरलेली असते. त्यामुळे पॉलिसीच्या अखेरच्या महिन्यांत टोटल लॉसची रक्कम मालकाच्या फायद्याची ठरण्याची शक्यता वाढते. याच्या उलट टोक म्हणजे हप्ता कमी यावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी विमा मूल्य मुद्दाम खाली ठेवणे. वाचतात ते थोडे पैसे. पण गाडी लवकर टोटल लॉसच्या रेषेवर येते आणि मिळते बाजारभावाहून कमी.

रेषेच्या दुसऱ्या बाजूला असते एस्टिमेट. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ते नव्या, मूळ सुट्या भागांच्या छापील किमतींवर बनते आणि मजुरीही तिथल्या दराने लागते. ठरावीक रकमेपुढच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरने पाहणी करणे विमा कायद्याने आवश्यक आहे. तो एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ तपासून बदलायचे काय आणि ठोकून सरळ करायचे काय, हे ठरवतो. पहिले एस्टिमेट जवळपास नेहमीच अपुरे असते. बंपर आणि फेंडर उतरवल्याशिवाय आतला क्रॉसमेंबर वाकला आहे का, गिअरबॉक्सच्या कवचाला तडा गेला आहे का, हे दिसत नाही. दुरुस्तीच्या दाव्यात घेतलेली गाडी खोलल्यावर टोटल लॉसमध्ये गेली, असे म्हणूनच वरचेवर घडते. मालकाने खोलण्याला लेखी संमती द्यावी, पण ती देण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी. गाडी तिथे दुरुस्त झाली नाही तर खोलण्याची मजुरी, एस्टिमेटचे शुल्क आणि रोजचे पार्किंग कोण भरणार? अनेक वर्कशॉप हे आकार लावतात आणि दावा लांबला की रक्कम फुगते. अपघातस्थळापासून गाडी ओढून नेण्यासाठी सामान्य पॉलिसी मोटारीला १,५०० रुपयेच देते. लांब घाटात घडलेल्या अपघातात क्रेनचे बिल याच्या कितीतरी पट येते.

दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांवर पुन्हा घसारा कापला जातो, हे अनेकांना अपघातानंतरच कळते. रबर, प्लॅस्टिक, नायलॉनचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के जातात, फायबर ग्लासच्या भागांतून ३० टक्के, काचेतून काहीच नाही. धातूच्या भागांवरची कपात वयाप्रमाणे वाढते: तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. ‘झीरो डेप’ संरक्षण असेल तर बहुतेक भागांवर ही कपात होत नाही. टोटल लॉसमध्ये मात्र भागांचा घसारा लागतच नाही, विमा मूल्याची रक्कम मिळते. याचा परिणाम विचित्र आहे. झीरो डेप नसलेल्या मालकासाठी सर्वांत वाईट जागा म्हणजे ७५ टक्क्यांच्या किंचित खाली राहणे. ७० टक्क्यांचे बिल होते, त्यातला मोठा वाटा स्वतःच्या खिशातून जातो आणि हातात येते ती मोठा अपघात झालेली गाडी. अशा मालकाने गाडी पूर्ण खोलून लपलेले नुकसान नोंदवून घेण्याचा आग्रह धरणे अगदी रास्त आहे.

टोटल लॉस ठरल्यावर दावा मिटवण्याचे मार्ग एकाहून जास्त असतात आणि कंपनीचा प्रतिनिधी ते सगळे आपणहून सांगेलच असे नाही. पहिला, विमा मूल्यातून सक्तीची वजावट (१,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये, त्यापुढे २,०००) कापून पूर्ण रक्कम घ्यायची आणि मोडकी गाडी कंपनीच्या ताब्यात द्यायची. दुसरा, ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’: मोडक्या गाडीला आहे त्या स्थितीत भंगार-खरेदीदारांकडून आलेली सर्वांत मोठी बोली विमा मूल्यातून वजा होते, उरलेले पैसे कंपनी देते आणि गाडी मालकाकडेच राहते. ती मग त्याने विकावी किंवा दुरुस्त करावी. या दुसऱ्या मार्गाचे दोन पोटप्रकार आहेत, आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, चालू ठेवून आणि आरसी रद्द करून. आरसी रद्द झाली की गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तिचे सुटे भागच विकता येतात. म्हणून त्या प्रकारात बोली बरीच खाली येते आणि कंपनीकडून मिळणारी रक्कम वाढते. तिसरा मार्ग ‘कॅश लॉस’: सर्व्हेअरने मंजूर केलेली दुरुस्तीची रक्कम बिलाशिवाय, थोडी कमी करून, रोखीने घ्यायची. हा बहुधा वाटाघाटीने ठरतो.

कधी कधी खर्च ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचत नसतानाही कंपनी नेट ऑफ सॅल्व्हेजचा प्रस्ताव ठेवते. मोडक्या गाडीला चांगली बोली आली, तर दुरुस्तीचे बिल भरण्यापेक्षा विमा मूल्य आणि बोली यांतला फरक देणे कंपनीला स्वस्त पडते. असा प्रस्ताव आला की मालकाने आकडेमोड करूनच सही करावी.

ही आकडेमोड एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होते. गाडीचे विमा मूल्य ६,३०,००० रुपये आहे. ७५ टक्क्यांची रेषा ४,७२,५०० ला येते. अधिकृत वर्कशॉपचे एस्टिमेट ५,२०,००० आहे, म्हणजे गाडी टोटल लॉस. मोडक्या गाडीला सर्वांत मोठी बोली २,१०,००० ची आली. तशीच धड गाडी जुन्या बाजारात सहा लाखांच्या आसपास मिळते. मोठा अपघात होऊन नीट दुरुस्त झालेली असेल तर, समजा, ४,७०,००० ला.

गाडी सोडली तर मालकाला ६,२९,००० मिळतात. त्यात तशीच जुनी गाडी घेता येते आणि थोडे पैसे उरतात. गाडी ठेवली तर कंपनीकडून ४,१९,००० येतात, दुरुस्तीला ५,२०,००० जातात, म्हणजे पदरचे १,०१,००० घालून हातात ४,७०,००० ची गाडी येते. निव्वळ किंमत ३,६९,०००. दोन मार्गांतला फरक २,६०,००० रुपयांचा. अधिकृत वर्कशॉपच्या दराने टोटल लॉस गाडी दुरुस्त करणे बहुतेक वेळा असेच आतबट्ट्याचे ठरते.

आता यातला एकच आकडा बदलून पाहावा. तेच काम ओळखीचा, भरवशाचा कारागीर काही वापरलेले मूळ भाग घालून तीन लाखांत करून देणार असेल, तर ४,१९,००० मधले १,१९,००० शिल्लक राहतात आणि सोबत ४,७०,००० ची गाडी. बेरीज ५,८९,०००. गाडी सोडण्याच्या तुलनेत तोटा चाळीस हजारांवर आला. मालक ती गाडी आणखी सात-आठ वर्षे स्वतःच चालवणार असेल, विकायची नसेल, तर पुनर्विक्रीतली घट त्याला लगेच भोगावी लागत नाही आणि पारडे दुरुस्तीकडे झुकू शकते. विमा मूल्य बाजारभावापेक्षा बरेच खाली असेल, तर ते आणखी झुकते. उत्पादन बंद झालेल्या पण मागणी टिकलेल्या गाड्यांत हे दिसते. मालकाने एस्टिमेटपेक्षा जास्त लक्ष बोलीवर ठेवावे. बोली जितकी कमी, तितकी गाडी स्वतःकडे ठेवणे स्वस्त. बोली वाजवीपेक्षा मोठी असेल तर गाडी कंपनीच्या गळ्यात घालणे शहाणपणाचे, कारण तेवढी रक्कम देणारा खरेदीदार मालकाला ऐनवेळी सापडेलच असे नाही. नेट ऑफ सॅल्व्हेज स्वीकारायचे असेल, तर बोली लावणाऱ्याने त्या किमतीला गाडी नक्की उचलायची आहे, याची लेखी हमी घेतलेली बरी.

कर्ज असेल तर हिशेबात तिसरा पक्ष येतो. आरसीवर बँकेची नोंद, म्हणजे रोजच्या भाषेत एचपी, असली की टोटल लॉसची रक्कम आधी बँकेकडे जाते. वरच्या उदाहरणात ३,८०,००० कर्ज बाकी असेल, तर मालकाच्या हाती २,४९,००० येतात. बाकी विमा मूल्याहून जास्त असेल, तर गाडीही गेली आणि वरचे कर्ज फेडायचेच, अशी वेळ येते. सुरुवातीची रक्कम फार कमी भरून लांब मुदतीचे कर्ज काढलेल्यांना हा धोका मोठा असतो. दावा मिटेपर्यंत हप्ते थांबवू नयेत, उशिराचा दंड आणि पतगुणांकाची घसरण दोन्ही मालकाच्याच माथी येतात. गाडी ठेवून दुरुस्त करायची असली, तरी नेट ऑफ सॅल्व्हेजसाठी बँकेची संमती लागते, कारण ती गाडी तिचे तारण आहे.

पैशांचा हिशेब दुरुस्तीच्या बाजूने लागला, तरी पोलादाचा हिशेब त्याला नकार देऊ शकतो, आणि तिथे पोलादाचाच शब्द अखेरचा मानावा. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसते. फ्लोअर, खांब, छत आणि पुढच्या-मागच्या लांब तुळया मिळून एकच कवच बनते. पुढचा भाग ठरावीक पद्धतीने चुरगळून धडकेचा जोर खाऊन टाकतो आणि प्रवाशांभोवतीचा पिंजरा टिकतो. एकदा चुरगळलेली तुळई ठोकून सरळ केली, तर दिसायला ती पूर्वीसारखी होते; पुढच्या धडकेत मात्र कुठे आणि किती दुमडेल, याचा भरवसा राहत नाही. दरवाजांच्या मधले खांब आणि पुढच्या काचेलगतचे खांब अनेक गाड्यांत तापवून घडवलेल्या अतिशय कणखर पोलादाचे असतात. गॅसच्या ज्योतीने तापवून ते सरळ केले की त्यांची ताकद उतरते. असे भाग उत्पादकाच्या पद्धतीप्रमाणे कापून नवे जोडावे लागतात आणि मोजमापाच्या बेंचवर गाडीचे मूळ बिंदू जुळवावे लागतात. ज्या गॅरेजात असा बेंच नाही, तिथे वाकलेला सांगाडा देऊ नये. जीप-पद्धतीच्या, स्वतंत्र लॅडर फ्रेम असलेल्या गाड्यांत फ्रेम सरळ करणे किंवा बदलणे तुलनेने शक्य असते, पण तिथेही जोडाच्या जागा तपासाव्या लागतात. दुरुस्तीनंतर दरवाजांच्या फटी असमान, टायर एका कडेने झिजणे, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणे, पावसात केबिनमध्ये पाणी शिरणे ही सांगाडा न जुळल्याची लक्षणे आहेत.

एअरबॅगचा मुद्दा वेगळा आणि निर्णायक आहे. नव्या मोटारींत २०१९ पासून चालकासाठी आणि २०२१ पासून पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. फुगलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. तिच्यासोबत सीटबेल्ट खेचून धरणारे प्रीटेन्शनर आणि नियंत्रण करणारे मॉड्यूल उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे बदलावे लागते. प्रवाशाची एअरबॅग उघडताना डॅशबोर्ड फाटतो, तोही बदलावा लागतो. एस्टिमेट टोटल लॉसकडे ढकलण्यात या एकाच यंत्रणेचा वाटा मोठा असतो. स्वस्तात दुरुस्ती करून देणारे इथेच हात आखडतात: डॅशबोर्ड शिवून घेतात, आतली जागा रिकामी ठेवतात आणि धोक्याचा दिवा लागू नये म्हणून वायरमध्ये रोधक जोडतात. ही फसवणूक प्रवाशाच्या जिवावर बेतणारी आहे. गाडी ठेवणाऱ्या मालकाने एअरबॅग, प्रीटेन्शनर आणि मॉड्यूल यांची बिले भाग क्रमांकासह मागावीत आणि अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरवर यंत्रणा तपासून घ्यावी. तीन लाखांत होणारी दुरुस्ती या भागांविना होत असेल, तर ती दुरुस्ती म्हणायला नको.

पाण्यात बुडालेल्या गाड्या हा महाराष्ट्राच्या ओळखीचा विषय आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तेच घडले. अशा गाडीचा निकाल पाणी कुठवर चढले यावरून लावता येतो. गालिचापर्यंतच पाणी आलेले असेल आणि लगेच उपसले असेल, तर सीट काढून, गालिचे वाळवून, ब्रेक आणि चाकांचे बेअरिंग तपासून गाडी पूर्ववत होते. पाणी सीटच्या वर गेले की सीटखालचे मॉड्यूल, वायरिंगचे जोड आणि सीटबेल्टची यंत्रणा भिजते. डॅशबोर्ड बुडाला असेल तर गाडी सोडणे हेच बहुतेक वेळा योग्य. चिखलाचे पाणी वायरिंगच्या जोडांत शिरते आणि गंज महिन्यांनी डोके वर काढतो. कधी पॉवर विंडो बंद पडते, कधी एबीएस, कधी धावत्या गाडीचे इंजिन. दुरुस्तीच्या दिवशी सगळे दिवे लागत असल्याने मालक फसतो. खाडीच्या किंवा समुद्राच्या भरतीच्या पाण्यात हे गंजणे फार वेगाने होते, त्यामुळे कोकणपट्टी आणि गोव्यात बुडालेल्या गाडीबाबत दुप्पट सावध राहावे. बुडालेल्या गाडीला चावी लावून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि असे मागाहून ओढवलेले नुकसान सामान्य पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते.

विजेवरच्या गाड्यांत किमतीचा सर्वांत मोठा एकटा भाग बॅटरीचा असतो. तिचे कवच खालून चेपले किंवा आत पाणी गेले, तर बाकी गाडी ठणठणीत असूनही ती टोटल लॉस होते. चेपलेला पॅक तात्पुरता चालला तरी आतल्या सेलना इजा झाली असल्यास उशिरा आग लागण्याचा धोका राहतो, म्हणून उत्पादकाच्या तपासणीविना अशी गाडी ठेवू नये. दुचाकीत विमा मूल्य लहान असल्याने रेषा लवकर गाठली जाते; तिथे पाहायची गोष्ट एकच, मुख्य फ्रेम किंवा स्टिअरिंगची मान वाकली आहे का. वाकली असेल तर सोडावी.

दुरुस्त केलेल्या टोटल लॉस गाडीचे पुढे काय होते, हे देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत: ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत, एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली गाडी दुरुस्तीनंतर चालवता येते. हा वर्ग गाडीच्या इतिहासाला कायमचा चिकटतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची रेषा वेगळी आहे. न्यू यॉर्कमध्ये ती ७५ टक्के, टेक्ससमध्ये १०० टक्के. कॅलिफोर्नियात दुरुस्तीचा खर्च आणि सॅल्व्हेजची किंमत यांची बेरीज गाडीच्या मूल्याशी ताडून पाहतात. रेषा ओलांडलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा बसतो. भारतात आरसीवर असा शेरा मारण्याची पद्धत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला तिचा पूर्वेतिहास विम्याच्या दाव्यांच्या नोंदी आणि वर्कशॉपच्या नोंदी मागूनच शोधावा लागतो. ही आपल्या व्यवस्थेतली गंभीर उणीव आहे आणि तिचा फायदा अप्रामाणिक विक्रेत्यांना होतो. दुरुस्त गाडी विकणाऱ्या मालकाने अपघाताची माहिती, सर्व्हेअरचा अहवाल आणि बिले खरेदीदाराला लेखी द्यावीत. किंमत कमी येईल, पण व्यवहार स्वच्छ राहील.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नसून फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर कोणी टोटल लॉस जाहीरच करत नाही आणि भरपाईही मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च दुरुस्तीनंतरच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर गाडी भंगारात देणे बरे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. नव्या खासगी गाडीच्या कराचा कमाल २५ टक्क्यांपर्यंतचा भाग राज्य सरकारांनी माफ करावा अशी त्यात तरतूद आहे. प्रत्यक्ष सवलत राज्याच्या अधिसूचनेत पाहावी लागते.

कंपनीने ठरवलेले विमा मूल्य, एस्टिमेट किंवा बोली पटली नाही, तर सहीपूर्वी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी आणि हरकत लेखी कळवावी. अंतिम तडजोडीच्या व्हाउचरवर विनाअट सही केल्यावर हरकत टिकवणे कठीण जाते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार विनाशुल्क करता येते. मुंबई आणि पुणे इथे त्याची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

गाडी सोडायची ठरली की उरते कागदपत्रांचे काम, आणि त्यातली ढिलाई वर्षांनी महागात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला देऊन आरसी जमा करायची असते. भंगारातल्या गाडीपेक्षा तिच्या आरसीला आणि चेसिस क्रमांकाला चोरांच्या बाजारात जास्त किंमत असते; त्याच मॉडेलची चोरीची गाडी त्या क्रमांकावर चढवून विकली जाते. म्हणून गाडी भंगारात जाणार असेल तर आरसी रद्द करूनच दावा मिटवावा. गाडी आरसीसह दुसऱ्याच्या नावावर होणार असेल, तर सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० कोणाच्याही हाती देऊ नयेत. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करावी आणि प्रती ठेवाव्यात. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. फास्टॅग बंद करून घ्यावा, गाडी ताब्यात दिल्याची वेळ-तारखेची पोच घ्यावी आणि ‘वाहन’ पोर्टलवर नाव बदललेले किंवा नोंदणी रद्द झालेली दिसेपर्यंत कंपनीकडे आणि आरटीओकडे पाठपुरावा चालू ठेवावा.